वाफेच्या गादीवर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आंबोळीचं पीठ मिसळणं. दुसरं काही नाही. देवाला गेलो नाही, फिरायला गेलो नाही, गोड बोलत बसलो नाही. ग्राइंडरमधलं पीठ बायकोनं पातेल्यात काढलं, वर मीठ टाकलं आणि मला हाक मारली.

"अहो, इकडं या. हात धुवा आणि हे मिसळा. पळी नको, हातानं."

मी म्हणालो, "इतकी वर्षं माझा हात चालत नव्हता तो?"

"इतकी वर्षं तुमच्या हाताला थिनरचा वास होता."

"मग आता गेला?"

"आता पण आहे. पण माझा खांदा दुखतोय."

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर फवारणीनं रंग मारला. मोटारीचे सुटे भाग, पंख्यांची पाती, जे येईल ते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण हिच्या नाकातून थिनर गेला नाही. शिवाय तिच्या माहेरी, निपाणीकडं, असं मानतात की पीठ फुगणं हे हातावर असतं. कुणाच्या हाताला फुगतं, कुणाच्या हाताला नाही. माझा हात लग्नाच्या वर्षीच नापास झाला होता. परीक्षा न घेताच.

तर मी मनगटापर्यंत हात घातला. पीठ गार होतं. मी गोल गोल फिरवायला लागलो.

"खालून वर हो! खालून वर! रंगाचा डबा ढवळताय का?"

आणि तिनं तिचा बरा हात पातेल्यात घालून माझं मनगट धरलं आणि तळातून वर, तळातून वर असं चार-सहा वेळा फिरवून दाखवलं. बस. मग दोघांचे हात पातेल्याच्या काठाला निपटले, थोडं पीठ एका काचेच्या ग्लासात काढून ठेवलं, पातेल्यावर ताट झाकलं, जानेवारीची थंडी म्हणून सगळं जुन्या टॉवेलात गुंडाळून शेगडीमागच्या कोपऱ्यात सरकवलं.

"उद्या वरच्या खोलीतल्या पोरीला चार आंबोळ्या घालते. तिचं ते प्रेझेंटेशन आहे," म्हणाली. मग म्हणाली, "स्वल्प पडते," आणि आत गेली. इथं कन्नड मुलखात राहून आमच्या तोंडात असे शब्द बसलेत. स्वल्प म्हणजे थोडंसं.

दिवेलागणीला मी कॉफी घेऊन गेलो तेव्हा ती उठली नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं येऊन तिचा हात धरला आणि परत चादरीवर ठेवला. कसा ठेवला त्यावरूनच मला कळलं. आम्हाला मूलबाळ नाही. बनशंकरीहून तिची धाकटी बहीण आली, शेजारचे आले आणि त्याच रात्री तिला दाहिनीत नेलं.

पातेलं कोपऱ्यातच राहिलं. आता मी जे लिहितोय ते त्या पातेल्याबद्दल आहे. आमच्यात माणूस गेलं की घरात केलेलं, भरलेलं सगळं ओतून टाकतात. पाणी, दूध, अन्न. चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांकडून येईल ते खातात. म्हणजे ते पीठ जाणार होतं. आणि मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. का, हे सांगायचं तर मला आधी थेंबाचं सांगावं लागेल.

ही आंबोळी घालायला उभी राहिली की आधी बोटं पाण्यात बुडवायची आणि तव्यावर झटकायची. थेंब चर्र करून मेला तर म्हणायची, "तवा झोपलाय अजून." आणखी थोड्या वेळानं परत झटकायची. मग केव्हातरी थेंब मरायचाच नाही. गोळी व्हायचा आणि पळत सुटायचा. तव्याच्या या कडेकडून त्या कडेला, पारा सांडल्यासारखा, आवाज नाही काही नाही. थेंब पळाला की तवा पुरता तापला. पण लगेच पीठ घालायचं नाही. आधी पाण्याचा एक हबका मारायचा, तव्याचा राग उतरवायचा, मग अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावरून फिरवायचा आणि मग पीठ. तरी पहिली आंबोळी बिघडायचीच. ती पहिली तिनं मला कधी वाढली नाही. फाटलेली, चिकटलेली, ती स्वतः शेगडीपाशी उभ्यानंच खाऊन टाकायची. "पहिली तव्याची, दुसरीपासून माणसांची," म्हणायची.

एकदा ती बहिणीकडं गेली असताना मी घालायला गेलो. थेंब पळाला, मला आनंद झाला, घातलं पीठ. पीठ तव्यावर पसरेना, पळीलाच गोळा होऊन वर आलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन उप्पीट खाल्लं. ती आल्यावर तव्याकडं बघूनच म्हणाली, "कांदा विसरलात."

पण थेंब का पळतो हे तिनंही कधी विचारलं नव्हतं आणि मीही नाही. कोण विचारतं? पाणी खाली वाहतं, थेंब तव्यावर पळतो. मी चौथीतून शाळा सोडली. त्यानंतर मला कुणी प्रश्न विचारला नाही आणि मीही कुणाला नाही.

मग वरच्या खोलीत ती मुलगी राहायला आली. नागपूरची. आमच्या मल्लेश्वरमजवळच ती विज्ञानाची मोठी संस्था आहे, तिथं डॉक्टर व्हायला आलेली. दवाखान्याची नव्हे, दुसरी. पहिल्याच दिवशी हिनं तिला विचारलं, "तू तिथं काय करतेस गं?"

"काकू, मी थेंब पाहते."

"दिवसभर?"

"दिवसभर. आणि बुडबुडे."

ही माझ्याकडं वळून म्हणाली, "बघा. तुम्ही उडवत बसलात, बघितलात का कधी एक तरी?"

मला राग आला होता. पण बोलणं खरं होतं. माझ्या बंदुकीतून आयुष्यभर रंगाचे थेंब उडाले आणि मी एकही बघितला नाही.

एका रविवारी ती खाली आली तेव्हा हिचा थेंब नुकताच पळाला होता. पोरगी ओरडली, "काकू, थांबा! परत करा नं! मोठा टाका!" मला वाटलं भाजलं की काय तिला. तिनं ओट्यापाशी गुडघे टेकले, डोळा तव्याच्या पातळीला आणला आणि मोबाईलचा दिवा तव्याच्या पलीकडून धरला. हिनं चमच्यानं मोठा थेंब सोडला. तो मधोमध जाऊन थरथरत बसला.

"काका, इकडं या. खालून पाहा. थेंबाच्या आणि तव्याच्या मध्ये."

माझे गुडघे काही टेकत नाहीत, पण टेकले. डोळा लावला. भुवया जळतील इतकं गरम. आणि मला दिसलं. थेंबाच्या खाली उजेडाची एक रेघ. केसाएवढी. आरपार.

"तो तव्याला लागलेलाच नाहीये," ती म्हणाली. "त्याच्या बुडाची आधीच वाफ झाली. आता तो त्या वाफेवर बसलाय. म्हणून तर पळतो. त्याला धरून ठेवायला खाली काहीच नाही."

मी तिथंच बसून राहिलो. हा तवा आमच्या लग्नातला. त्याच्यावर हिनं किती थेंब पळवले असतील. आणि त्यातला एकही कधी तव्याला लागला नव्हता. इतक्या आगीवर, स्वतःच्याच वाफेची गादी करून, वर आरामात बसून. माझ्या अंगावर काटा आला. देवळात कधी आला नाही तसा.

हिनंही वाकून एकदा खालून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तवा कमी तापला की लगेच मरतो आणि जास्त तापला की जगतो?"

"हो काकू. बराच वेळ."

"मग यांना सांग. हे कमी तापतात आणि लगेच चर्र करतात."

त्या दिवशी आंबोळ्या दुपारी झाल्या.

तेव्हापासून आमच्या घराला नाद लागला. मी पोरीला माझी जुनी कटकट सांगितली. रंग मारताना मधेच कधीतरी गोल गोल खड्डे पडायचे, माशाच्या डोळ्यासारखे. रंग तिथं थांबायचाच नाही, चारी बाजूंनी मागं सरकायचा. तेलाचा अंश असला की होतं, एवढं आम्हाला माहीत होतं. ही रविवारी माझ्या डोक्याला खोबरेल चोळायची आणि सोमवारी माझेच भाग खराब निघायचे. सुपरवायझर सगळ्यांसमोर माझं डोकं हुंगायचा. पोरगी हसून हसून लोळली. मग म्हणाली, "काका, द्रवाच्या अंगावर ताणलेली कातडी असते असं समजा. रंगाची कातडी घट्ट ओढते, तेल लागलं तिथली सैल पडते. मग घट्ट असलेली बाजू सगळं आपल्याकडं ओढून घेते. रंग पळत नव्हता. त्याला ओढून नेत होते."

मी हिला म्हणालो, "ऐकलंस? तुझ्या खोबरेलापायी माझा पगार कापला."

"टक्कल पडलं असतं ते?" ही म्हणाली. "आता तरी कुठं राहिलेत म्हणा."

मग ती आम्हाला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. हिनं चांगली साडी नेसली, जणू कुणाचा साखरपुडा आहे. खोलीत एक काळी ताटली होती, तिच्यात तेल आणि तिच्याखाली स्पीकरसारखं काहीतरी. चालू केलं की ताटली इतकी बारीक हलायची की डोळ्याला दिसत नव्हती. बोट लावलं तर मुंग्या आल्यासारखं. पोरीनं दातकोरणीनं तेलातूनच एक थेंब उचलला आणि त्याच तेलावर सोडला.

तो मिसळला नाही. तेलाचा थेंब तेलावर, आणि मिसळला नाही. वरच उड्या मारत राहिला.

"थेंबाच्या आणि तेलाच्या मध्ये हवेचा पातळ पापुद्रा असतो," तिनं सांगितलं. "ती हवा निसटली की थेंब मिसळतो. पण आपण हलवत राहिलो की हवेला निसटायला वेळच मिळत नाही."

तिनं शेजारी दुसरा थेंब सोडला. थोड्या वेळानं दोघं एकमेकांभोवती फिरायला लागले. एकमेकांना न लागता, फुगडी घातल्यासारखे. हिनं कोपरानं मला ढोसलं, "हे बघा, आपण."

"आपण एवढं सरळ कधी फिरलो?" मी म्हणालो.

"मी फिरत होते. तुम्ही लटकला होता."

मग हिनं विचारलं, "आणि बंद केलं की?"

पोरीनं बटण बंद केलं. दोन्ही थेंब क्षणभर तसेच बसले. मग गेले. कुठं गेले कळलंच नाही, तेलावर तरंगसुद्धा नाही. हिच्या तोंडून "आई गं" निघालं.

"थांबा काकू, असं नाही जात ते. डोळ्याला तसं वाटतं." तिनं आम्हाला कॉम्प्युटरवर दाखवलं. पाण्यावर पाण्याचा थेंब, पण फार हळू करून. थेंब पाण्यावर येऊन टेकतो. खालून पिशवी फाटावी तसा आत ओतायला लागतो. पण सगळा ओतला जात नाही. वरचं टोक तुटतं आणि त्याचा एक लहान थेंब होऊन उडी मारतो. तो परत येऊन बसतो, परत ओततो, परत त्याहून लहान एक वर राहतो. तो परत उडतो. असं होत होत मोहरीएवढा, मग खसखशीएवढा, मग दिसेनासा. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

ही खुर्ची ओढून बसली. "परत लाव," म्हणाली. पोरीनं किती वेळा लावलं देव जाणे. शेवटी ही म्हणाली, "म्हणजे जाताना पण थोडा थोडा मागं राहतो."

"हो काकू. थोडा थोडा."

रिक्षानं परत निघालो. मल्लेश्वरमच्या बाजारात उतरून वांगी घेतली तेव्हा ही भाव करायला विसरली. त्यावरून मला कळलं की तिच्या डोक्यात काय चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुधात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा गाळलेला अर्क, ओतताना मला ओरडून बोलावलं. कॉफीवर कॉफीचेच बारीक मणी घरंगळत होते, क्षणभर, आणि नाहीसे होत होते. "आपल्याकडं पण होतं!" म्हणाली. "रोज होत होतं! आपण बघतच नव्हतो!"

आणि मग पिठाचा ग्लास. ही पोरीचीच कल्पना. पातेल्यातलं पीठ वरूनच दिसतं, म्हणून थोडं काचेच्या ग्लासात काढून ठेवायचं, पीठ जिथवर आहे तिथं रबरबँड लावायचा. आम्ही दोघं टीव्ही सोडून ते बघत बसायचो. आधी काही नाही. मग काचेला टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसायचे. पीठ घट्ट म्हणून त्यांना वर यायला जमत नाही. जिथं जन्मले तिथंच अडकून फुगतात, आणि फुगता फुगता सगळ्या पिठाला वर उचलतात. पोरगी म्हणाली होती की लहान बुडबुड्याच्या आत दाब जास्त असतो, म्हणून त्याची हवा हळूहळू शेजारच्या मोठ्यात जाते. लहान संपतो, मोठा आणखी मोठा होतो.

"घरोघरी तेच," ही म्हणाली.

तर अशी ती होती. वय झालं होतं, खांदा दुखत होता आणि बुडबुड्यांचा नाद लागला होता.

आता ती सकाळ. दाहिनीतून येऊन मी आंघोळ केली होती. झोपलो की नाही ते आठवत नाही. उजाडलं तेव्हा मेव्हणी स्वयंपाकघरात होती. तिनं माठ रिकामा केला होता, दूध ओतलं होतं, कालची भाजी बाहेर नेली होती. मी दारात गेलो तेव्हा ती टॉवेल सोडत होती.

"भावोजी, हे काय आहे? पीठ होय? टाकते."

ताट एका बाजूनं वर उचललं गेलं होतं. खालून पिठानं ढकललं होतं. काठावरून एक ओघळ पातेल्याच्या बाहेर आला होता. शेजारी ग्लास. रबरबँड कुठल्या कुठं खाली राहिला होता आणि पीठ ग्लासाच्या तोंडाला आलं होतं. काचेतून सगळे बुडबुडे दिसत होते, लहान, मोठे, एकमेकांना चिकटून, एकमेकांना दाबून. मी बघत असताना वरचा एक फुटला. त्याच्या जागी दुसरा वर आला. रात्रभर हे चालू होतं. घरात काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ते फुगलं होतं. माझ्या हातानं. तिला सांगायला मी आतल्या खोलीकडं तोंड वळवलं होतं.

"भावोजी?"

"ठेव ते," मी म्हणालो.

"असं ठेवत नाहीत. घरातलं अन्न टाकायचं असतं."

"हे अन्न नाही अजून. कच्चं आहे."

"म्हणून काय चूल पेटवणार? आजच्या दिवशी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना बोलव. त्यांना पण घालतो."

"तुमचं डोकं ठिकाणावर नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडता पातेलं उचललं. मी दुसऱ्या बाजूनं धरलं. आम्ही दोघं म्हातारी माणसं एका पातेल्याला धरून ओढाओढ करत होतो. पीठ डचमळलं आणि वरचे सगळे बुडबुडे एकदम बसले, फस्स झालं. तिनं ते ऐकलं आणि हात सोडला.

मी म्हणालो, "तिनं काल वरच्या पोरीला शब्द दिलाय. चार घालते म्हणाली. तिच्या हातचं हे शेवटचं आहे. माझाही हात आहे त्यात. ते मोरीत जाणार नाही."

पोरगी तेव्हा जिन्यावरच होती. डोळे सुजलेले, अंगावर प्रेझेंटेशनचे कपडे. "काका, मी जात नाहीये आज," म्हणाली.

"जायचं. खाऊन जायचं. बस तिथं."

मी गॅस पेटवला. तवा ठेवला. बोटं पाण्यात बुडवून झटकली. चर्र. तवा झोपलेला. पोरगी दारात बसली होती, मेव्हणी भिंतीला टेकून उभी, पदर तोंडाला. परत झटकली. थेंब गोळी झाला आणि पळाला. या कडेकडून त्या कडेला. मी वाकून खालून बघितलं. पोरीनं काही न सांगता उठून पलीकडून मोबाईलचा दिवा धरला. उजेडाची रेघ होती. थेंब बारीक होत होत गेला, शेवटपर्यंत तव्याला न लागता.

मग मी पळीभर पीठ घातलं आणि मेव्हणी मागून ओरडली, "अहो, कांदा! आधी कांदा फिरवा की! ताईनं एवढं पण शिकवलं नाही?"

उशीर झाला होता. पीठ पळीला गोळा होऊन आलं, उरलेलं तव्याला धरलं. मी उलथन्यानं खरवडून काढलं. अर्धं कच्चं, अर्धं करपलेलं. ते मी शेगडीपाशी उभ्यानंच खाल्लं. जीभ पोळली. मीठ बरोबर होतं.

मेव्हणीनं पदर खोचला. टोपलीतून कांदा घेतला, अर्धा कापला, तेलात बुडवून माझ्या हातात दिला. मी तव्यावर पाण्याचा हबका मारला, वाफ छतापर्यंत गेली. कांदा फिरवला. पीठ घातलं, खालून वर घेऊन, मधून बाहेर. ते पसरलं. आधी नुसतं पांढरं. मग एक बुडबुडा वर आला, फुटला, आणि त्याचं भोक तसंच राहिलं. मग शेजारी दुसरं. मग कडेकडून मध्यापर्यंत सगळीकडं भोकं उघडत गेली, दिवे लागल्यासारखी. तिघंही वाकून बघत होतो.

ती मी पोरीच्या ताटात घातली आणि परत पाण्यात बोटं बुडवली.